मलिक अंबरच्या मुलखात, आत्याबरोबर

सोमवार, १४ जानेवारी २०१९, अदिस अबाबा

मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान आहे आणि साधारण सहा तासात पोचवतं, हे सांगितलं तरी लोकांना पटत नाही, कारण आपल्याकडे इथियोपिया म्हटलं की १९८४ चा दुष्काळ आणि टीव्हीवर दाखवलेली ती हाडं निघालेली पोरं एवढंच डोक्यात बसलंय. ऑफिसात रजा टाकली तर जो तो हेच विचारत होता, तिकडे खायला मिळतं का गं? सिंह बघायला केनिया, झेब्रे बघायला टांझानिया, इथियोपियाला कोण जातं!

तर जायचं खूळ आत्याचं. आत्या औरंगाबादची (तेव्हा तेच नाव होतं), शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेली, आणि मलिक अंबर म्हणजे तिचा जीव की प्राण. हबशी, म्हणजे इथियोपियाकडचा, गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत आलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला, मुघलांना नाकी नऊ आणले, १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालून नळाने गावात आणलं. त्या नहरीचं पाणी आत्या लहानपणी प्यायलेली आहे. "ज्याने आम्हाला पाणी पाजलं त्याचा मुलूख बघायचाय, तू येतेस की एकटी जाऊ?" असं फोनवर विचारल्यावर काय बोलणार, गेले.

विमानतळावर पैसे बदलून घेतले. तेव्हा एक बिर्र म्हणजे साधारण अडीच रुपये. हातात आलेल्या पावतीवर तारीख बघितली तर साल २०११. इथलं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं, महिने १३, बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि शेवटचा पागुमे नावाचा महिना फक्त ५ दिवसांचा, लीप वर्षी ६ चा. नवीन वर्ष सप्टेंबरात, ११ तारखेला, पाऊस संपून डोंगर पिवळ्या फुलांनी भरतात तेव्हा. जुन्या टुरिझमच्या पोस्टरवर तेरा महिने ऊन असं लिहिलेलं असायचं ते ह्यामुळेच. आत्या म्हणाली आपल्याकडे अधिक महिना यायला अडीच-पावणेतीन वर्षं वाट बघायची, ह्यांचा दरवर्षी ठरलेला, बरंय.

घड्याळाचंही तेच. दिवस सुरू होतो सकाळी सहाला, म्हणजे आपले सकाळचे सात हा त्यांचा एक वाजला, आणि दुपारचे बारा म्हणजे सहा. ड्रायव्हरने उद्या किती वाजता येऊ विचारलं आणि लगेच स्वतःच, "हबेशा टाइम की फेरेंजी टाइम?" हबेशा म्हणजे ते, इथियोपियाचे, आणि फेरेंजी म्हणजे आपण, परदेशी. विमानाचं तिकीट फेरेंजी टाइममध्ये आणि बाकी सगळा देश हबेशा टाइममध्ये, आणि गंमत म्हणजे ह्यात कोणालाच काही अडचण वाटत नाही.

मंगळवार, १५ जानेवारी, अदिस अबाबा

शहर समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरच्या वर आहे, त्यामुळे हॉटेलचा दुसरा मजला चढताना धाप लागली. आणि त्याच हवेत पहाटे मेस्केल स्क्वेअरला गेलो तर शेकडो लोक धावतायत! हे चौकाच्या कडेला अर्धगोल पायऱ्या आहेत मोठ्या मोठ्या, लोक एका पायरीवरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतात, मग पुढची पायरी, असं नागमोडी. अबेबे बिकिलाने १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकली ती ह्या देशाची. आणि ती रोममध्ये जिंकली ह्याला इथे फार महत्त्व आहे, कारण १८९६ मध्ये आदवाच्या लढाईत सम्राट मेनेलिकने इटलीच्या फौजेला धूळ चारली होती, त्याचा राग धरून मुसोलिनीने १९३६ ते ४१ हा देश ताब्यात ठेवला, म्हणजे पाच वर्षं. तेवढं सोडलं तर इथे कोणा युरोपियनाचं राज्य टिकलं नाही, आणि हे तुम्हाला टॅक्सीवाल्यापासून प्रोफेसरपर्यंत प्रत्येक जण पहिल्या दहा मिनिटात सांगतो.

इटालियन गेले पण माकियातो कॉफी ठेवून गेले. पियासा भागात उभ्याने प्यायचं एक जुनं कॉफीचं दुकान आहे तोमोका म्हणून, १९५३ पासूनचं, तिथे छोट्या काचेच्या ग्लासात जे काही मिळालं त्यानंतर मी घरच्या इन्स्टंट कॉफीकडे प्रेमाने बघू शकलेली नाहीये.

नॅशनल म्युझियममध्ये लूसी, माणसाच्या एका पूर्वज बाईचा सांगाडा. ३२ लाख वर्षांपूर्वीची, १९७४ मध्ये अफार भागातल्या हदार इथे सापडलेली. काचेत दिसते ती प्रतिकृती आहे, खरी हाडं तिजोरीत ठेवलेली असतात. उंची तीन-साडेतीन फूट, शाळकरी पोरीएवढी. इथले लोक तिला लूसी म्हणत नाहीत, दिंकिनेश म्हणतात. आत्या तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली हिच्यापुढे आपला सगळा सिलॅबस परवाचा गं.

दुपारी ट्रिनिटी कॅथेड्रल, हैले सेलासीची कबर. १९७४ च्या लष्करी उठावात ह्या सम्राटाला पदच्युत केलं, पुढच्या वर्षी तो कैदेतच वारला, आणि त्याचे अवशेष सापडले १९९२ मध्ये, राजवाड्यातल्या एका संडासाच्या जमिनीखाली. सन्मानाने दफन व्हायला २००० साल उजाडलं. तिथून रेड टेरर म्युझियमला गेलो. १९७७-७८ मध्ये लष्करी हुकूमशहा मेंगिस्तूच्या राजवटीने जी माणसं मारली त्यांचे फोटो भिंतभर, बहुतेक कॉलेजची पोरं, आणि काचेच्या कपाटात कवट्या आणि चपला. फुकट आहे, छोटं आहे, अर्ध्या तासात बघून होतं आणि बघाच.

आज संक्रांत होती. आत्याने घरून तिळगूळ आणलेला, तो ड्रायव्हरच्या हातावर ठेवला तर तो म्हणाला हे तीळ आमच्या हुमेराचे का? हुमेरा म्हणजे सुदानच्या सीमेला लागून तिळाचा मोठा पट्टा आहे, तिथून तीळ जगभर जातात, कॉफीच्या खालोखाल मोठी निर्यात. आता बाजारातून आणलेल्या तिळाचं गाव कोणाला ठाऊक!

ड्रायव्हरच्या काचेवर पंतप्रधान अबीय अहमद ह्यांचं स्टिकर होतं. सगळ्याच टॅक्स्यांवर होतं. नऊ महिने झाले होते त्यांना येऊन, तुरुंगातून लोक सोडले होते, एरिट्रियाशी वीस वर्षांचं भांडण मिटवलं होतं, अर्ध्या मंत्रिमंडळात बायका आणि राष्ट्रपतीही बाई. लोक इतक्या आशेने बोलत होते की ऐकून बरं वाटायचं. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरात तिग्राय प्रांतातलं युद्ध पेटलं. तेव्हाचे फोटो बघताना आता ते स्टिकर पहिलं दिसतं.

बुधवार, १६ जानेवारी, लालिबेला

पंख्याचं विमान, खाली नुसते कापलेले डोंगर. एवढे सपाट माथे आणि एवढ्या खोल दऱ्या की पायी जायचं म्हटलं तर समोरच्या गावाला पोचायला दिवस जाईल. ह्यामुळेच हा देश एवढा वेगळा राहिला असणार असं वरून बघताना वाटतं.

आता जेवणाबद्दल, कारण शाकाहारी लोक हेच विचारतात. सोमवारी-मंगळवारी आम्हाला हॉटेलात बऱ्यापैकी उपाशी ठेवलं होतं, जे मागावं ते नाही, आणि आज बुधवार तर मेनूच बदलला. कारण ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक बुधवार आणि शुक्रवार उपास करतात, मांस नाही, अंडं नाही, दूध-तूपसुद्धा नाही. मोठे उपास वेगळे, ईस्टरच्या आधीचा तर पंचावन्न दिवसांचा. कडक पाळणाऱ्याचे वर्षातले दोनशेच्या आसपास दिवस असे जातात. तेव्हा तुम्ही व्हेज, व्हीगन वगैरे इंग्रजी झाडत बसू नका, वेटरला नुसतं "त्सोम" म्हणा, उपास. सगळं समजतं.

आलं ते बेयाइनेत. टोपलीएवढं गोल ताट, त्यावर इंजेरा पसरलेला आणि त्याच्यावर ढीग ढीग, लाल मसूर, पिवळी डाळ, कोबी-बटाटा, बीट, पालेभाजी, आणि मधोमध शिरो, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचं लसूण आणि लाल तिखट घातलेलं फदफदतं प्रकरण. खरं सांगू, आंबोळीवर पिठलं वाढून दिलं तर जे होईल ते. आत्याने पहिला घास घेतला आणि दुसरा घेईपर्यंत बोलली नाही. इंजेरा तेफ नावाच्या बारीक धान्याचा, खसखशीएवढा दाणा, पीठ दोन-तीन दिवस आंबवतात आणि मोठ्या मातीच्या तव्यावर एकाच बाजूने भाजतात, त्यामुळे वरून सगळी जाळी. आंबट लागतो, काहींना नाही आवडत, त्यांनी ब्रेड खावा.

उपासाचं जेवण ज्या तेलात करतात ते तेल कशाचं विचारलं तर मालकिणीने आतून मूठभर बिया आणून दाखवल्या, काळ्या, बारीक, चकचकीत. आत्याने एक दाताखाली धरली आणि ओरडली, "अगं कारळं!" खरंच कारळं. ह्याचं शास्त्रीय नावच अबिसिनिकाने संपतं (अबिसिनिया म्हणजे इथियोपियाचं जुनं नाव), मूळ इथल्या डोंगरातलं, आणि आपण पिढ्यानपिढ्या चटणी करून खातोय. इथे त्याला नूग म्हणतात आणि चटणी कोणाला माहीत नाही. आत्याने मालकिणीला कृती सांगितली, अर्धी इंग्रजीत, अर्धी हाताने कुटून दाखवत. तिनेच मग एक मोठा घास गुंडाळून सरळ आत्याच्या तोंडात कोंबला. हा गुर्शा, आपल्या हाताने दुसऱ्याला भरवायचं, नको म्हणायचं नसतं, आणि घास जेवढा मोठा तेवढं प्रेम.

संध्याकाळी दगडी चर्चेसचा पहिला समूह. तिकीट तेव्हा, २०१९ मध्ये, परदेश्यांना ५० डॉलर होतं, महाग, पण ते ११ चर्चेसचं मिळून आणि काही दिवस चालायचं.

गुरुवार, १७ जानेवारी, लालिबेला

बाराव्या शतकाच्या शेवटाला राजा लालिबेला होऊन गेला, त्याच्या नावाने हे गाव. चर्च बांधलेली नाहीत, कोरलेली आहेत, जमिनीत चौकोनी खंदक खणायचा, मधला दगड तसाच ठेवायचा आणि वरून खाली कोरत जायचं. वेरूळ बघितलेल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको, कैलास असाच कळसापासून खाली आलाय आणि तो चारेकशे वर्षं आधीचा आहे. आकाराने आणि कोरीवकामाने कैलासच मोठा, ह्यात आत्याचं आणि माझं एकमत. पण वेरूळला आपण तिकीट काढून फोटो मारतो आणि घरी येतो. इथे पहाटे पाचला (त्यांचे अकरा) गेलो तर आत पूजा चालू. पांढऱ्या सुती शाली डोक्यावरून घेतलेली माणसं भिंतींना टेकून उभी, कोणी दगडाला ओठ लावतंय, पुजारी हातातली चांदीची खुळखुळी हलवत, मोठा ढोल, आणि सगळ्यांच्या काखेत एक टी आकाराची उंच काठी. ती कशाला हे तासाभराने कळलं जेव्हा पाय दुखायला लागले. प्रार्थना चार चार तास चालते, बसायचं नसतं, मग काठीवर हनुवटी टेकून उभं राहायचं. एका म्हाताऱ्या बाबांनी आत्याला आपली काठी दिली आणि स्वतः खांबाला टेकले.

चप्पल-बूट बाहेर काढायला लागतात. मोजे घाला, आतल्या गालिच्यांमध्ये पिसवा आहेत, पाय फोडून काढतात.

बेते गियोर्गिस सगळ्यात शेवटी दाखवतात आणि बरोबर करतात. वरून बघितलं की जमिनीत क्रॉसच्या आकाराचं छप्पर दिसतं, जमिनीच्या पातळीला, आणि खाली बाराएक मीटर खोल भिंती गेलेल्या. कडेला कठडा वगैरे काही नाही. भिंतीच्या एका कोनाड्यात यात्रेकरूंची वाळलेली शरीरं तशीच ठेवलीयेत, पायांच्या टाचा बाहेर दिसतात.

बाकीच्या काही चर्चेसवर युरोपियन युनियनच्या पैशातून २००८ मध्ये मोठाली छपरं उभी केलीत, पावसापासून संरक्षण म्हणून, तात्पुरती. आम्ही गेलो त्याच्या तीन महिने आधी गावकऱ्यांनी मोर्चा काढला होता, की हेच छप्पर वादळात आमच्या चर्चवर पडलं तर काय. मला त्यांचं पटलं. खांब बघूनच धडकी भरते.

आमचा गाइड पोरगा पंचविशीचा, आणि त्याची एक सवय, आपण काही बोललो की तो मध्येच एकदम आत श्वास ओढायचा, हक्! असा. आत्याला वाटलं दम्याचा त्रास आहे, तिने पर्समधून ओवा काढला. मग कळलं हे हो म्हणणं आहे. आपण हं हं करतो तसं इथे श्वास आत घेऊन हो म्हणतात, सगळेच, बँकेतले साहेबसुद्धा. दोन दिवसांनी आत्यापण करायला लागली. आणि हो, ओवा इथे मसाल्यात असतोच, तो बघून त्याने परत एकदा हक् केलं.

गावात फिरायला निळ्या तीनचाकी रिक्षा, आणि त्यांचं इथलं नाव बजाज. कंपनी कुठलीही असो, रिक्षा म्हणजे बजाज. आत्याने गाडीच्या मागे जाऊन नाव बघून खात्री केली आणि ड्रायव्हरला सांगितलं, ही आमच्या वाळूजची आहे, जपून चालव.

शुक्रवार, १८ जानेवारी, गोंदार

उद्या तिमकत. येशूचा जॉर्डन नदीत बाप्तिस्मा झाला त्याचा सण, आणि इथला सगळ्यात मोठा. प्रत्येक चर्चच्या गाभाऱ्यात एक ताबोत असतो, मोझेसच्या करारपेटीचं (देवाच्या दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीचं) प्रतीक, तो एरवी कोणाला बघायला मिळत नाही. आजच्या दिवशी तो जरीच्या कापडात गुंडाळून पुजाऱ्याच्या डोक्यावर ठेवून पाण्यापर्यंत नेतात, वर रंगीबेरंगी छत्र्या, पुढे ढोल.

सगळ्यात बघण्यासारखी होती ती गालिचावाली पोरं. ताबोताने जमिनीवरून जायचं नाही, म्हणून पुढे लाल गालिचा अंथरतात, पण गालिचा तर पंधरा-वीस फूट. मग मिरवणूक पुढे सरकली की मागची पोरं झटकन गालिचा गुंडाळतात, खांद्यावर घेतात आणि गर्दीतून वाट काढत पळत पुढे येऊन परत अंथरतात, परत मागे, परत पुढे. चार-पाच गालिचे आळीपाळीने. घामाने निथळत होती, आणि दर वेळी अंथरल्यावर एक जण हाताने सुरकुती सारखी करायचा, मागून लाखभर लोक येत असताना. मी अर्धा तास फक्त त्यांच्याकडेच बघत होते.

गर्दीत मुली खांदे उडवून नाचत होत्या, एस्किस्ता, कमरेखाली काही हलत नाही आणि वरचं सगळं थरथरतं. आवडलेल्या मुलीला पोरगा लिंबू फेकून मारतो म्हणे ह्या दिवशी. आत्याला एक लागलं. ते चुकून होतं असं मी म्हणते, ती म्हणत नाही.

शनिवार, १९ जानेवारी, गोंदार

पहाटे दोनपासून फासिलिदेसच्या तलावावर. सतराव्या शतकातलं दगडी कुंड, मधे छोटा महाल, कडेच्या भिंतींवर झाडांची मुळं अशी उतरलीयेत की भिंत कुठली आणि मूळ कुठलं कळत नाही. एरवी कोरडं असतं, सणासाठी पाणी भरतात. थंडी कडाक्याची, सगळे गाबी नावाच्या जाड चादरीत, हातात मेणबत्त्या, रात्रभर पठण. उजाडल्यावर धर्मगुरूंनी पाण्याला आशीर्वाद दिला आणि पुढच्या सेकंदाला झाडावर लटकलेली सगळी पोरं धबाधब पाण्यात. मग पाइपने गर्दीवर फवारे. जो तो बाटल्या पुढे करतोय. आत्या नखशिखांत भिजली, मी कॅमेरा वाचवण्यात पळाले. दुपारी झोप.

रविवार, २० जानेवारी, गोंदार ते अदिस

सकाळी किल्ले. १६३६ मध्ये सम्राट फासिलिदेसने गोंदार राजधानी केली, मग त्याच्या वारसांनी एकाच आवारात आपापले वाडे बांधले. आफ्रिकेत युरोपातल्यासारखे गोल बुरुज बघून लोक चक्रावतात. ह्याच्या थोडं आधी पोर्तुगालने पाठवलेले जेसुइट, म्हणजे कॅथलिक धर्मप्रसारक, इथे येऊन गेले होते आणि ते आले गोव्याहून. पेद्रो पाएझ त्यातला सगळ्यात चिवट, १५८९ मध्ये गोव्यातून निघाला, वाटेत येमेनमध्ये पकडला गेला, काही वर्षं कैदेत काढून परत गोव्याला आला, पुन्हा निघाला आणि १६०३ मध्ये पोचला एकदाचा. सम्राट सुसेन्योसला त्याने कॅथलिक करून घेतलं. त्यावरून देशात एवढा रक्तपात झाला की शेवटी सुसेन्योसने गादी सोडली आणि मुलाने, म्हणजे फासिलिदेसने, जुना धर्म परत आणून जेसुइटांना हाकलून दिलं.

देब्रे बेरहान सेलासी चर्चचं छत चुकवू नका. नुसते देवदूतांचे चेहरे, ओळीने, मोठाले डोळे, आणि कुठेही उभे राहा ते तुमच्याकडेच बघतात. १८८८ मध्ये सुदानच्या महदी फौजेने गोंदारची चर्चेस जाळली तेव्हा मधमाश्या उठल्या म्हणून हे वाचलं असं सांगतात.

अदिसला परत जाताना विमानातून ताना सरोवर दिसलं. निळी नाईल इथून निघते, आणि इजिप्तला पोचणारं नाईलचं बहुतेक पाणी ह्याच डोंगरातलं. त्यावर २०११ पासून धरणाचं काम चाललं होतं आणि त्यासाठी सरकारी नोकरांनी पगारातून बाँड घेतले होते, शेजारच्या सीटवरच्या शिक्षिकेने पण घेतलेला. तिला गणित एका भारतीय मास्तरांनी शिकवलेलं, छडी फार मारायचे म्हणाली. हैले सेलासीच्या काळापासून इथल्या गावोगावच्या शाळांमध्ये भारतीय शिक्षक असायचे, पन्नाशीच्या पुढचा कोणीही भेटला की हीच ओळख निघते. छडीचं ऐकून आत्या खिडकीबाहेर बघायला लागली.

सोमवार, २१ जानेवारी, हरार

दिरेदावापर्यंत विमान. अदिस ते जिबूती नवीन इलेक्ट्रिक रेल्वे आहे, चिनी कंपन्यांनी बांधलेली, वर्षभरच झालं होतं चालू होऊन, पण ती तेव्हा दिवसाआड सुटायची आणि दिवसभर घ्यायची. दिरेदावा हे गावच मुळात जुन्या फ्रेंच रेल्वेमुळे १९०२ मध्ये वसलेलं. तिथून हरार पन्नासेक किलोमीटर घाटाचा रस्ता. मध्ये अवदाय म्हणून गाव लागतं तिथे चातचा बाजार. चात म्हणजे एक पाला, चघळला की तरतरी येते, इथे कायदेशीर आहे. गाठोडीच्या गाठोडी ट्रकमध्ये, ट्रक सुसाट, कारण पाला ताजा असेपर्यंत जिबूती, सोमालियाकडे पोचायला पाहिजे. दुपारी दोननंतर हरारमध्ये अर्धं गाव भिंतीला टेकून पाला चघळत असतं, काम सांगू नये.

रात्री तरस. वेशीबाहेर एक माणूस टोपलीत मांसाचे तुकडे घेऊन बसतो आणि तरसांना नावाने हाक मारतो. अंधारातून आधी डोळे येतात, मग ठिपके, मग ते केवढं धूड आहे हे कळतं. एका बजाजचा दिवा चालू ठेवलेला तेवढाच उजेड. काठीला तुकडा अडकवून तुमच्या हातात देतात. आत्या कट्टर शाकाहारी, तरी पुढे झाली, "मी काठीला हात लावतेय, मांसाला नाही." तरसाने इतक्या अलगद तुकडा उचलला की काठी हललीसुद्धा नाही. वास मात्र भयंकर, कपड्यांना दोन दिवस येत होता. हे निव्वळ टुरिस्टांसाठी आहे असं मला वाटलेलं, पण गावच्या कोटाला तरसांना आत यायला मुद्दाम ठेवलेली भोकं आहेत. रात्री ते आत येऊन गल्ल्यांमधला कचरा साफ करतात, लोक म्हणतात भुतंही खातात.

मंगळवार, २२ जानेवारी, हरार

कोटाच्या आतलं गाव म्हणजे जुगोल, २००६ पासून जागतिक वारसा. एवढ्याशा जागेत ८२ मशिदी, त्यातल्या काही दहाव्या शतकातल्या, आणि शंभरावर दर्गे. घराघरांना दरवर्षी रंग, गुलाबी, हिरवा, निळा. एक गल्ली नुसती शिंप्यांची, ओळीने पायमशीनवर, तिचं नाव मकिना गिरगिर, गिरगिर हा मशीनचा आवाज. कापड घेऊन जा, गाव बघून होईपर्यंत शर्ट तयार. टॅक्स्या पेजो ४०४, आमच्या जन्माआधीच्या, दार आतून धरून बसायचं.

फ्रेंच कवी रँबो कविता सोडून इथे कॉफीचा व्यापार करत होता, त्याच्या नावाने म्युझियम आहे ते लाकडी नक्षीचं घर मात्र एका भारतीय व्यापाऱ्याने बांधलेलं. सज्जा बघितला की गुजरातेतलं कुठलंही गाव.

एका हरारी घरात गेलो. आत शिरलं की समोर लाल रंगाचे पाच चौथरे, उंच-सखल, कोण कुठे बसणार हे ठरलेलं, मालक इथे, शिकलेला पाहुणा तिथे, पोरं खाली. भिंतभर विणलेल्या टोपल्या. आत्याला बरोब्बर शिकलेल्यांच्या चौथऱ्यावर बसवलं.

आणि तिथे बसून तिने मलिक अंबर सांगितला. बहुतेक जण त्याला हरारकडचा मानतात, जन्म १५४८ च्या सुमाराचा. लहानपणी पकडून समुद्रापलीकडे येमेनच्या मोखा बंदरात विकला, तिथून बगदाद, तिथून दख्खन. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान ह्याने त्याला विकत घेतला, तो स्वतः हबशी. मग पुढचं सगळं, जहांगीर बादशहाला रात्री झोप येऊ न देणारा गनिमी कावा, शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले ती १६२४ ची भातवडीची लढाई, जमीन महसुलाची घडी, १६२६ मध्ये मृत्यू. घरातली म्हातारी, तिची सून, आमचा गाइड सगळे ऐकतायत, गाइड हरारी भाषेत सांगतोय. ही भाषा ह्या कोटाच्या आत जन्मलेल्या लोकांची, बाहेर पडलं की ओरोमो सुरू. त्यातल्या कोणीही हे नाव ऐकलं नव्हतं. आत्याने फोनवर खुलताबादच्या कबरीचा फोटो दाखवला. म्हातारीने फोन हातात घेतला, बोटाने मोठा करून घुमट बघितला आणि विचारलं तिथे दिवा कोण लावतं?

आत्याला उत्तर देता आलं नाही. म्हणाली गेले की बघते.

बुधवार, २३ जानेवारी, अदिस

रात्रीचं विमान, ड्रायव्हरने दुपारी घरी कॉफीला बोलावलं. इथे कॉफी म्हणजे दीड तास धरा. फरशीवर हिरवं गवत पसरलेलं, धूप लावलेला, त्याच्या बायकोने हिरव्या बिया धुतल्या, शेगडीवर तव्यात भाजल्या आणि तो धुराचा तवा एकेकाच्या नाकाखाली फिरवला, हाताने धूर आपल्याकडे ओढून घ्यायचा. मग कुटायचं, मग जेबेना नावाच्या काळ्या मातीच्या लांब मानेच्या सुरईत उकळायचं. बिनकानाचे कप, बरोबर लाह्या. तीन फेऱ्या, अबोल, तोना, बरका, प्रत्येक वेळी पाणी वाढत जातं आणि कॉफी पातळ. तिसरी घेतल्याशिवाय उठायचं नाही. कॉफीचं झाडच मुळात ह्या देशाच्या नैऋत्येच्या जंगलातलं, आणि पिकतं त्यातलं अर्धं हे लोक स्वतः पितात, विकत बसत नाहीत. शहाणे आहेत.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. लालिबेला आणि गोंदार दोन्ही अम्हारा प्रांतात येतात, तिथे २०२३ पासून सरकारी फौज आणि फानो बंडखोरांमध्ये लढाई सुरू झाली, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी ताजी परिस्थिती बघा. आणि पिवळ्या तापाची लस घ्या, सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. ते पिवळं कार्ड परत येताना मुंबईला मागतात, नसेल तर क्वारंटाइन. आत्याचं कार्ड तिच्या पिशवीत तळाला, एक किलो बेर्बेरे मसाल्याच्या आणि दोन किलो कारळ्याच्या खाली होतं, आणि आमच्यामागची सगळी लाइन खोळंबलेली असताना ती ऑफिसरला कारळं दाखवत होती.